फाटकाच्या आत कोण?

दिवाळी उलटली की मध्य प्रदेशाच्या विदर्भ सीमेवरच्या पांढुर्णा आणि सौसरच्या काळ्या रानात वेचणी जोर धरते आणि कापूस जिनिंगच्या वाटेला लागतो. आज तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातो, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बैलगाडीतून जायचा. कापूस येत राहील तोवर जिन चालवायचं, आवक आटली की कुलूप लावायचं, असा हा हंगामी धंदा. हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा 1881 मध्ये झाला, पण या धंद्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. शंभरांहून कमी माणसं कामाला असतील, किंवा यंत्र वर्षातले चार महिनेसुद्धा चालत नसेल, तर त्या जागेला तो कायदा कारखाना मानत नव्हता. रुळांवरची जिनं, बॉयलर, पट्टे, हवेत तरंगणारा कापसाचा भुगा, सगळं असलं तरी कायद्याच्या लेखी तिथे कारखाना नव्हता. कारखाना नाही म्हणजे कामगार नाही, आणि कामगारच नाही तर त्याचे तास मोजायचा प्रश्नच येत नाही.

कामाच्या तासांचा इतिहास सांगताना बारा तासांचे अकरा कसे झाले, अकराचे दहा, दहाचे नऊ आणि नऊचे आठ, अशी उतरती भाजणी मांडायची पद्धत आहे. ती खोटी नाही. पण सातपुड्याच्या दक्षिण कुशीतल्या या दोन तालुक्यांत बसून पाहिलं तर मला ती अर्धीच वाटते. इथलं काम हंगामाचं, नगावरचं, ठेक्याचं किंवा सालाचं. तासांच्या आकड्यापेक्षा इथे नेहमी आधीचा प्रश्न अडला: कायद्याच्या फाटकाच्या आत कोण आणि बाहेर कोण?

जिनमधलं काम पाहिलं की या प्रश्नाचं वजन कळतं. जिनं ओळीने मांडलेली असत. त्यांच्या मागे उंचवट्यावर बायका बसत. या भागात मजूर बाईला रेजा म्हणतात. रेजाने हाताने कापूस मोकळा करत रुळापुढे सारायचा. रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. सारण्यात खंड पडला तर जिन रिकामं फिरतं, म्हणून बसलेल्या जागेवरून उठायची सोय नाही. 1907-08 मध्ये सरकारने मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना मजूर आयोग नेमला. जिनिंग कारखान्यांत दिवसाला सतरा-अठरा तास काम चालल्याची नोंद त्या आयोगाने केली. ज्या 1891 च्या कायद्याने बायकांना अकरा तासांची मर्यादा आणि दीड तासाची विश्रांती दिली होती, त्यानंतरची ही गोष्ट. मर्यादा कागदावर होती आणि कापूस रुळावर.

मुंबईत तोवर बरंच घडून गेलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवलं. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत पगार, या त्यांच्या मागण्या. 1890 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मराठी वाचकाला हा इतिहास पाठ असतो आणि त्याचा अभिमानही असतो. पण गिरणी बारमाही चालते, तिला भोंगा असतो, चाळ असते, चाळीत सभा घेता येते. हंगाम संपला की गावोगाव पांगणाऱ्या रेजांची सभा कोण घेणार?

हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते 1911 मध्ये. 1922 च्या कायद्याने प्रौढांसाठी दिवसाला अकरा आणि आठवड्याला 60 तास ठरवले. 1934 मध्ये सरकारने पुन्हा दोन पंगती मांडल्या: बारमाही कारखान्याला दिवसाला दहा आणि आठवड्याला 54 तास, हंगामी कारखान्याला मात्र अकरा आणि 60. कापूस थांबत नाही, हे मालकांचं म्हणणं सरकारला पटलं होतं. माझ्या मते ते अर्धं खरं होतं. कापूस गंजीत पडून राहू शकतो. थांबत नसतं ते त्यात गुंतलेल्या भांडवलाचं व्याज. आठवड्याला 48 तास ही मर्यादा बारमाही कारखान्यांना 1946 च्या दुरुस्तीने मिळाली. ते विधेयक कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूर खात्याचे सदस्य म्हणून मांडलं होतं. मग 1948 चा कारखाने अधिनियम आला आणि त्याने हंगामी-बारमाही हा भेद मोडला. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसं, विजेशिवाय वीस, की झाला कारखाना. दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, पाच तासांनंतर किमान अर्धा तास सुटी, आणि सुट्यांसकट पूर्ण दिवसाचा पसारा साडेदहा तासांपलीकडे जाता कामा नये. जिनातल्या बाईला कायद्याने सर्वांच्या पंगतीत बसवायला 67 वर्षं लागली.

त्याच 1948 मध्ये नागपूरच्या विधिमंडळाने एक विलक्षण कायदा केला. तेव्हा छिंदवाडा जिल्हा, म्हणजे सौसर आणि पांढुर्णाही, मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. या कायद्याने सरकारला विडीकामगाराचे तास ठरवायचे नव्हते, त्याचे महिने ठरवायचे होते. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत कोणी विड्या वळायच्या नाहीत आणि कारखानदारांनी त्या गावांतल्या माणसांना कामही द्यायचं नाही. कारण सरळ होतं: विडीत चार पैसे जास्त सुटत, म्हणून निंदणी-कापणीला मजूर मिळत नसत. अन्नटंचाईचा काळ होता. 1950 च्या जूनमध्ये सागरच्या उपायुक्तांनी तसा हुकूम काढला. त्याविरुद्ध सागरचाच एक विडीकारखानदार आणि एक विडीकामगार नव्याकोऱ्या सर्वोच्च न्यायालयात गेले. मालक आणि मजूर एकाच बाजूने उभे राहण्याचा हा दुर्मीळ योग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला. म्हातारी माणसं, अपंग, ज्यांना शेतात वाकता येत नाही अशा बायका, घरबसल्या विड्या वळून पोट भरणारे, यांनाही सरसकट बंदी घालणं हे वाजवी बंधन होत नाही, असं न्यायालय म्हणालं. धंदा-व्यवसायाच्या मूलभूत हक्कावरचा हा अगदी सुरुवातीचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. मला त्यात दुसरंच दिसतं. शेतमजुराला विडीइतकी मजुरी दिली असती तर कायदा करावाच लागला नसता. नागपूरच्या सभागृहात बसलेल्या शेतजमीनवाल्या मंडळींना हा साधा उपाय सुचला नसेल असं वाटत नाही.

विडीने पुढेही न्यायालयांना सोडलं नाही. 1960 च्या डिसेंबरात नागपूरच्या एका विडी कारखान्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. तिथले कामगार कधीही यायचे, कधीही जायचे आणि हजारी विड्यांवर मजुरी घ्यायचे. मालक म्हणाला, यांच्यावर माझी देखरेखच नाही, मग हे माझे कामगार कसे आणि यांना मी पगारी रजा का द्यावी? न्यायालयाने बारकाईने पाहिलं. काम कारखान्यातच बसून करायचं होतं. दुपार उलटून आलेल्याला काम मिळत नव्हतं. वाईट वळलेली विडी बाजूला काढायचा हक्क मालकाकडे होता आणि आठ दिवस न सांगता गैरहजर राहिलं तर नाव कमी होत होतं. न्यायालय म्हणालं, हे कामगारच. पुढच्याच वर्षी सिन्नरच्या एका विडी कारखान्याचं जवळपास तसंच प्रकरण आलं. पानं घरी नेऊन कापायची मुभा, येण्या-जाण्याला धरबंध नाही, कामावर नजर नाही. या वेळी बहुमताने निकाल उलटा लागला: हा कामगार नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी असहमती नोंदवली. एकाच राज्यात, एकाच धंद्यात, एक फाटकाच्या आत आणि दुसरा बाहेर. हा घोळ मिटवायला 1966 मध्ये विडी-सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि त्याने घरी बसून वळणाऱ्यांनाही कायद्याच्या छपराखाली घेतलं.

दरम्यान 1 नोव्हेंबर 1956 उजाडला होता. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सौसर-पांढुर्ण्याच्या मराठी माणसासाठी त्या तारखेच्या आठवणी बहुधा भाषेच्या आणि शाळेच्या असतात. कामगार म्हणून काय बदललं हे कोणी फारसं सांगत नाही. काल सीमेपलीकडच्या सावनेरला आणि सौसरला एकच कामगार कायदा होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत दोन झाले. मध्य प्रदेशाने 1958 मध्ये स्वतःचा दुकाने कायदा केला, 1960 मध्ये औद्योगिक संबंधांचा आणि 1961 मध्ये स्थायी आदेशांचा.

स्थायी आदेश हा शब्द रुक्ष आहे, पण नोकरीची सगळी कुंडली त्यात असते: कायम कोण, बदली कोण, रजा कशी मागायची, कोणत्या चुकीला कोणती शिक्षा, काढायचं तर कसं. सीमेच्या दोन बाजूंना हेच नियम वेगळे झाले. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत 240 दिवस अखंड सेवा केली की तो कायम होण्यास पात्र ठरे. हंगामी कारखाना असेल तर 190 दिवस. मध्य प्रदेशात कायम व्हायला सहा महिन्यांची समाधानकारक सेवा पुरेशी होती, पण ती मंजूर रिकाम्या जागेवर झालेली हवी होती. वरवर पाहता सौसरचा कामगार सुखी. सहा महिने म्हणजे 240 दिवसांपेक्षा कमीच. मेख होती ती रिकाम्या जागेत. जागा रिकामी आहे हे दाखवणार कोण? कागद मालकाच्या कपाटात. महाराष्ट्रात निदान हजेरीचे दिवस मोजता येत. रोजंदारीवर वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांचे कितीतरी दावे मध्य प्रदेशात या एका अटीवर आपटले.

मालकाला बंधनकारक असलेली पाटी हीदेखील पाहण्यासारखी गोष्ट. 1948 च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे कायद्याचा सारांश आणि पाळ्यांचं वेळापत्रक फाटकाजवळ इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायचं असे. सौसर तालुक्यात बोरगावला औद्योगिक क्षेत्र आहे, तिथे रेमंडची कापडगिरणी आहे. सातनूरला पॉलिमरचा कारखाना आहे. या पट्ट्यात घरी मराठी, बाजारात दोन्ही आणि कचेरीत हिंदी असा तीन खणांचा व्यवहार चालतो. बहुसंख्यांची भाषा कोणती, हे इथे प्रत्येक फाटकावर वेगळं निघू शकतं.

हमालांच्या बाबतीत सीमारेषा आणखी ठळक दिसते. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी, हमाल आणि अंगमेहनतीच्या कामगारांसाठी कायदा केला. मालक आणि हमाल यांच्यामध्ये मंडळ आलं. मजुरी मंडळाकडे जमा होते, त्यावर भविष्य निधी, बोनस, रजा मिळतात. पुण्यात बाबा आढाव यांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांची माथाडी चळवळ यांच्या रेट्याशिवाय तो झाला नसता आणि टिकलाही नसता. मध्य प्रदेशात मंडीतल्या हम्माल आणि तुलावट्यांसाठी सरकारी साहाय्य योजना आहे. प्रसूती, लग्न, शिष्यवृत्ती, अपघात यांना मदत मिळते. ती वाईट नाही, पण ती मदत आहे. पाठीवरच्या पोत्याचा मालक कोण, हा प्रश्न ती विचारत नाही.

आणि शेत? पांढुर्णा म्हटलं की संत्रा आणि कापूस, आणि या दोन्हींत राबणारी बहुतेक माणसं तासांच्या कायद्याच्या पार पलीकडे. सालदाराचं साल गुढीपाडव्याला ठरतं. इतके हजार, इतके पायली धान्य, उचल किती, हे तोंडी बोलायचं, कागद नाही. पोळ्याला कपडे किंवा बोजारा द्यायचा हा रिवाज. पहाटे गोठ्यापासून रात्री वैरणीपर्यंत त्याचा दिवस. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमार सोडली तर हक्काची म्हणावी अशी सुटी नाही. किमान वेतनाचा 1948 चा कायदा शेतीलाही लागू होता, त्यात कामाच्या दिवसाचे तास ठरवायची तरतूदही होती. पण शेताला फाटक नसतं आणि निरीक्षक बांधावरून चालत येत नाही. कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते, संत्रातोडीची टोळी ठेक्यावर. तास मोजायचा प्रसंगच येऊ नये अशी ही मजुरीची रचना आहे. नागपूरच्या विडीमालकाचा युक्तिवाद शेतात कोणी मांडत नाही, कारण मांडायची गरज पडत नाही.

2020 च्या वसंतात तासांच्या आकड्यालाच हात घातला गेला. कोविडच्या टाळेबंदीत मध्य प्रदेशासह अनेक राज्यांनी कारखान्यांची पाळी बारा तासांपर्यंत न्यायची मुभा दिली. 7 मे रोजी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सुधारणांची यादीच जाहीर केली. दुकानं सकाळी सहा ते रात्री बारापर्यंत उघडी ठेवता येतील हेही त्यात होतं. स्थायी आदेशांसाठीची कामगारसंख्या 50 वरून 100 वर नेली गेली. यातली अनेक राज्यं कारखाने अधिनियमाच्या पाचव्या कलमाचा आधार घेत होती. हे कलम सार्वजनिक आणीबाणीसाठी होतं; युद्ध, बाह्य आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाची सुरक्षितता धोक्यात आली तर सरकार सूट देऊ शकत होतं.

गुजरातचा हुकूम सर्वांत उघडा होता. बारा तास काम आणि जादा तासांना दुप्पट नव्हे तर साध्याच दराने पैसे. हिशेब करून पाहा. समजा, कामगाराला महिन्याला 13,000 रुपये मिळतात. 26 दिवसांनी भागलं की रोज 500, आठ तासांनी भागलं की तासाला साडेबासष्ट. आठवड्याला 48 तासांच्या हिशेबाने आठवरचे चार तास कायद्याप्रमाणे दुप्पट दराने 500 रुपयांचे. हुकुमाप्रमाणे 250 चे. म्हणजे ज्या काळात घरात उत्पन्न कमी होतं त्या काळात मजुराने दिवसाला 250 रुपये कारखान्याला सोडायचे. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. तीन न्यायमूर्तींच्या पीठातर्फे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी निकाल लिहिला: साथ कितीही भीषण असली तरी ती त्या कलमातली आणीबाणी नव्हे, आणि झालेल्या जादा कामाचे पैसे दुप्पट दरानेच द्यावे लागतील.

जी गोष्ट साथीच्या नावाने टिकली नाही ती पुढे वेगळ्या वाटेने आली. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा आणि तिमाहीतला ओव्हरटाइम 115 वरून 144 तास करायला मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, अशी अट घातली. फाटकावर सही मागायला उभ्या असलेल्या माणसापुढे नाही म्हणणं किती सोपं असतं, हे कारखान्यात एक दिवस काम केलेल्या कोणालाही विचारावं.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचे अनेक जुने कायदे मागे पडले. 1956 नंतर पहिल्यांदा सावनेर आणि सौसर बऱ्याच अंशी एका चौकटीत आले. दिवसाला आठ तास हा आकडा आता मूळ कायद्यात आहे आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावं लागतं. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते, कारण आजवर न्यायालयात निम्मी लढाई मी तिथे कामाला होतो एवढंच सिद्ध करण्यात जायची. पण उंबरठे उंचावले आहेत. कारखान्याच्या व्याख्येत दहा-वीसच्या जागी वीस-चाळीस आले, आणि स्थायी आदेश किमान 300 कामगार असतील तिथेच. ज्या छोट्या जिनिंगमध्ये, तेलघाणीत किंवा संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये पंधरा-अठरा माणसं असतात, तिथलं फाटक पुन्हा एकदा पलीकडे सरकलं.

ठेक्याच्या कामगारांबद्दल संहिता म्हणते की कारखान्याच्या मुख्य कामात ठेकेदाराची माणसं लावता येणार नाहीत. लगेच पुढे अपवाद आहेत. साफसफाई, पहारा, उपाहारगृह, माल चढवणं-उतरवणं ही कामं, तोच कारखान्याचा मूळ धंदा नसेल तर, मुख्य धरली जात नाहीत. त्यामुळे बोरगावच्या रस्त्यावरून पाळीला जाणाऱ्या दोघा शेजाऱ्यांनी आपापली नियुक्तिपत्रं शेजारी ठेवली, तर आठ तास दोघांच्याही कागदावर सारखेच असतील. फरक मालकाच्या रकान्यात दिसेल. एकाच्या पत्रावर कंपनीचं नाव असेल, दुसऱ्याच्या पत्रावर ठेकेदाराचं, आणि पगार थकला किंवा हात यंत्रात गेला की आधी कोणाच्या दारात उभं राहायचं हे त्या रकान्यावरून ठरेल.